जुन्या बोलेरोला जीपीएस ट्रॅकर लावू की नको?

दारव्ह्याचा_कास्तकार
मंडळी, सल्ला पाहिजे. माझ्याकडे २०१६ ची बोलेरो आहे, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. आमच्या गल्लीत बैलबंडी कशीबशी जाते, बोलेरो जात नाही. म्हणून गाडी रात्री देवळासमोरच्या पटांगणात उभी असते, घरातून हाक मारली तरी ऐकू जाणार नाही इतकी लांब. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातून एक पिकअप गेला. सोयाबीन विकून आलेला माणूस, रात्री गाडी लावून झोपला, सकाळी मातीत टायरचे वण तेवढे उरले. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. पुण्यातला भाऊ म्हणतो ट्रॅकर लाव, दोन-तीन हजारांचा तर प्रश्न आहे. बाबा म्हणतात कुत्रं पाळ, त्याला रिचार्ज लागत नाही.

गाडीवर कधी मी असतो, कधी गावातलाच एक पोरगा. इन्शुरन्स थर्ड पार्टी आहे. मला एवढंच सांगा, ट्रॅकर लावून गाडी खरंच हाती लागते, की ती जाताना मोबाईलवर बघत बसायचं?

पिकअपवाला_पांढरकवडा
लावून टाक ना भाऊ, इचार काय करून रायला! माह्याकडं दोन पिकअप हायेत, दोन्हीले लावले. आमचं गाव हायवे ४४ च्या काठावर. रातच्याला गाडी उचलली का पाटणबोरी, पिंपळखुटी, अन् मंग तेलंगणा. तू सकाळी चहा पिऊन ठाण्यात जाशीन तवर इंजिन एकीकडं अन् टायर दुसरीकडं.

ट्रॅकरचा खरा फायदा गाडी सापडण्यात नाही, लवकर समजण्यात हाय. चावी फिरली का मोबाईल कोकलते. बॅटरीची वायर काढली तरी कोकलते, कारण डब्ब्यात त्याची आपली लहान बॅटरी असते. माह्या साडभावाच्या गाडीचं असंच झालं. रात्री दीडले मोबाईल वाजला, त्यानं दोन पोट्टे उठवले, अन् पाहाते तं गाडी ढकलत ढकलत पेट्रोल पंपाच्या मागं नेलेली, स्टेअरिंगखालच्या वायरी लोंबून रायल्या होत्या. चोर वावरातून पळाले. अर्धा घंटा उशीर झाला असता तं गाडी गेलीच होती.

वायरिंगवाला_वणी
पिकअपवाल्या भाऊचं बरोबर आहे, पण घेताना काय घेतो ते बघ. दोन-तीन हजारात येणारं डब्बं बऱ्याचदा २जी असते. त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओकडे २जीच नाही. एअरटेल नाहीतर व्हीआय टाकावं लागते. तुझ्या पटांगणात कोणाची रेंज येते ते पहिले बघ, मग डब्बं घे. ४जीवालं महाग जाते पण मी तेच सांगीन.

ओबीडीच्या, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावते त्या सॉकेटमध्ये खोचायचं तर घेऊच नको. स्टेअरिंगखाली हात घातला की हाताला लागते, आणि चोर पहिला हात तिथंच घालते. वायरीवालं घे, मीटरच्या मागं वरच्या बाजूला बसव. प्लास्टिकच्या मागं चालते, पत्र्याच्या मागं लपवलं तर त्याला आकाशच दिसत नाही. बसवताना वायरीवर जाळीची नळी चढवून घे. गावातल्या गाडीत उंदीर नाही असं होत नाही.

एक आणखी. आपल्याकडं मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, आणि ते डब्बं तिथंच भाजत असते. आतली बॅटरी फुगून जाते. उन्हाळा गेला की मेन वायर काढून पाहत जा, बॅकअपवर चालते का. नाहीतर चोरानं वायर तोडली की डब्बंही तिथंच झोपते आणि तुझ्या मोबाईलला पत्ता नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तेही लक्षात ठेव, डब्बं थोडाथोडा करंट ओढतच असते, जुनी बॅटरी बसते.

दारव्ह्याचा_कास्तकार
मोबाईलवरून इंजिन बंद करता येते म्हणतात, ते घेऊ का?

वायरिंगवाला_वणी
माझं ऐकशील तर नको. त्यासाठी गाडीची चांगली वायर कापून मधात रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकावा लागते. "चालता चालता बंद पडते" म्हणून माझ्याकडे गाड्या येतात, त्यात किती वेळा ह्याच रिलेचा जॉइंट ढिला निघते. घाटात बंद पडली तर? आणि समज चोर गाडी पळवून रायला आणि तू घरबसल्या बटन दाबलं. इंजिन गेलं की पॉवर स्टेअरिंग गेलं, दोनदा पाय मारला की ब्रेकही दगडासारखा होते. चोर मरो का जगो, समोरून मोटरसायकलवर कोणाचा लेक येत असेल.

त्यापेक्षा डिझेल सप्लायच्या वायरीवर एक बटन टाक, लपवून. काही शेकड्यांत काम होते. गाडी सुरूच होणार नाही, नाहीतर थोडी जाऊन बंद पडेल. चोराला वाटते गाडीच बिघडली, सोडून जाते. चावीत चिप नसलेल्या जुन्या गाडीला ट्रॅकरपेक्षा हे बटन जास्त कामाचं. सोबत गिअर लॉक.

गुरुजी_धारणी
रेंजचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. लोकांना वाटतं जीपीएस म्हणजे सॅटेलाइट, ते जंगलात पण चालणार. डब्ब्याला आपण कुठं आहोत हे कळतंच, पण ते तुम्हाला कळवायला मोबाईलचा टॉवर लागतो. परतवाडा सोडून सेमाडोहकडे चढलात की टॉवर कुठं आहे हे तुम्हीच शोधा. डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसाल याच रस्त्यावर आहे, हे जाता जाता सांगतो. चांगला डब्बा रेंज नसताना ठिकाणं साठवून ठेवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. म्हणजे चोर बऱ्हाणपूरच्या वाटेला लागल्यावर तुम्हाला समजणार की मघाशी तो हरिसालला होता. आमच्या भागात तरी हा पैसा पाण्यात.

पिकअपवाला_पांढरकवडा
गुरुजी, मेळघाटाचा न्याय दारव्ह्याले कायले लावता? तिकडं सपाट मुलूख, फाट्याफाट्यावर टॉवर. अन् दोन घंटे उशिरा समजलं तरी चोर कोन्या वाटेनं गेला हे समजते ना! नाहीतर कपाळाले हात लावून बसायचं.

स्टेअरिंगवरचा_माणूस
मी ड्रायव्हर आहे, तर माझी बाजू पण ऐका. आमच्या मालकानं चोरीच्या भीतीनं ट्रॅकर लावला. आठ दिवसांत चोर विसरला आणि मागं मी उरलो. "फाट्यावर वीस मिनिटं काहून उभा होता?" खर्रा घोटून घेत होतो मालक. "पुलाकडून न येता गावातून काहून आला?" पुलाजवळ रस्ता खोदून ठेवला होता. "साठच्या वर गाडी गेली." पेशंट होता गाडीत, तुमचीच आत्या होती!

तुमच्याच गावचा पोरगा गाडी चालवतो म्हणता. त्याला न सांगता डब्बं बसवाल आणि एक दिवस त्याला गावातल्याच मेकॅनिककडून समजेल. मग तो तोंडानं काही बोलणार नाही, पण कापूस वेचाईच्या ऐन दिवसांत दुसऱ्याच्या गाडीवर बसेल. चोर कधी येईल तेव्हा येईल, ड्रायव्हर उद्याच जाईल.

पिकअपवाला_पांढरकवडा
भाऊ, गाडी माह्यी, डिझेल माह्यं, हप्ता मी भरतो. गाडी कुठं हाय हे पाहाचा हक्क नाही का मले? इमानदार माणसाले कायचा त्रास?

स्टेअरिंगवरचा_माणूस
इमानदार माणसालाच त्रास होतो. बेइमान डब्ब्यावर चांदीची पन्नी गुंडाळतो आणि मोकळा होतो. हक्क नाही असं मी म्हटलंच नाही. सांगून लावा, आणि दिवसा मी गाडीवर असताना घडीघडी ॲप उघडून पाहू नका, एवढंच.

वर्ध्याची_ताई
ड्रायव्हरभाऊंचं मला पटलं, कारण ट्रॅकरवाली गाडी मी पण चालवते. गाडी यांच्या नावावर, ॲप यांच्या, दिराच्या आणि सासूबाईंच्या मोबाईलमध्ये. शाळेतून येताना माहेरी दहा मिनिटं थांबले, तर संध्याकाळी सासूबाई विचारतात, "आईची तब्येत बरी आहे ना?" मी कुठं थांबले हे कोणाला सांगितलंच नव्हतं. चोर अजून आमच्या गल्लीत फिरकला नाही.

आणि पासवर्डचं कोणी बोललं नाही. स्वस्तातले डब्बे कारखान्यातून १२३४५६ असा पासवर्ड घेऊन येतात आणि बसवणारा तो तसाच ठेवतो. लॉगिन म्हणजे डब्ब्यावरचाच आकडा. म्हणजे ज्याच्या दुकानात बसवलं, त्याच्या पोऱ्यालाही तुमची गाडी कुठं उभी आहे आणि घर कधी रिकामं आहे ते दिसू शकतं. चोराला घरपोच माहिती. बसवल्या दिवशी, दुकानातून निघायच्या आधी पासवर्ड बदला, आणि ॲप एकाच्याच मोबाईलमध्ये ठेवा.

विमावाला_अकोला
सगळे ट्रॅकरवर भांडताय आणि मूळ पोस्टमधलं एक वाक्य कोणीच वाचलं नाही. इन्शुरन्स थर्ड पार्टी आहे! दादा, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो विमा. तुमची गाडी गेली तर गेली.

चोरीसाठी ओन डॅमेजवाली, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची पॉलिसी लागते. त्या विम्यात मध्ये खंड पडला असल्यामुळे कंपनीचा माणूस आधी गाडी बघून फोटो काढेल. गाडीची किंमत पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या तक्त्यानं उतरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. त्यापुढं कंपनी आणि मालक बोलून किंमत ठरवतात, तर तुमच्या २०१६ च्या गाडीला घासाघीस करा. ट्रॅकर लावला म्हणून हप्त्यात मोठी सूट मिळेल ह्या भ्रमात राहू नका. टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राला ओन डॅमेजच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट आहे आणि तीही ५०० रुपयांच्या वर नाही.

क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात. सेकंडहँड घेताना दुसरी चावी घेतली होती का? वावरात गाडी उभी करून चावी गाडीतच ठेवायची आपल्याकडची सवय क्लेमच्या मुळावर येते, निष्काळजीपणा म्हणून कंपनी हात वर करते. एफआयआर लगेच करा. तो वेळेत झाला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणानं क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं आहे. पण ते कोर्टात जाऊन भांडण्यापेक्षा त्याच दिवशी फोन केलेला बरा.

संत्रावाला_वरूड
फास्टॅग विसरले का सगळे? फुकटचा ट्रॅकर आहे तो. टोल कटला की मेसेज, नाक्याच्या नावासकट.

वायरिंगवाला_वणी
काचेवरून खरडून काढायला किती वेळ लागते? आणि समृद्धीवर चढली तर पैसे उतरताना कटतात. तवर गाडी दोन जिल्हे पार. आडवाटेनं गेली तर टोलच नाही.

चंद्रपूरकर
पिकअपवाल्या भाऊंच्या साडभावाची गोष्ट वाचून कोणी शहाणपणा करू नका. चोर कोण, किती, हातात काय, काही माहीत नसते. मोबाईलवर ठिपका दिसला म्हणून चार पोट्टे घेऊन मध्यरात्री परराज्यात जायचं नाही. ११२ लावा, लोकेशनची लिंक पाठवा. "आमची हद्द नाही" असं कोणी म्हटलं तर झिरो एफआयआर सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची सोय स्पष्ट लिहिली आहे.

कागदावर सोय आहे म्हणून रात्री तीनला जीप लगेच निघते असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीच्यांना ठिपका समोर दिसत असताना सकाळपर्यंत ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. सकाळी ठिपका होता तिथंच, तिथं जाऊन पाहिलं तर नालीत नुसतं डब्बं.

पिकअपवाला_पांढरकवडा
म्हणूनच म्हनतो, गाडी गावाबाहेर जाच्या आतच पकडाची. हद्द ओलांडली का मोबाईल वाजला पाहिजे. ॲपमध्ये देवळाभोवती गोल मारून ठेव.

दारव्ह्याचा_कास्तकार
सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे पण. दुसरी चावी नाहीच माझ्याकडे, आधीच्या मालकाला आत्ताच फोन केला, शोधतो म्हणाला. विमावाल्या दादा, म्हणजे पहिले पॉलिसी. बटन या बाजारच्या दिवशी बसवून घेतो. ड्रायव्हर पोराला आजच सांगितलं. तो म्हणाला लावा, उलट गाडी रात्री गेली तर माझ्यावर नाव येणार नाही. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आता अडचण एकच. मी एकदा झोपलो की ढोल वाजवला तरी उठत नाही. बाबा तीनला उठून बसलेले असतात, पण त्यांच्याकडे बटनाचा फोन आहे. त्यावर ॲप कसं चालणार?

वायरिंगवाला_वणी
ॲप नाही चालणार, पण बऱ्याच डब्ब्यांत गाडी हलली की कॉल किंवा एसएमएस करायची सोय असते. तुझं सिम टाकलं की बाबांचा नंबर त्यात भरता येते. कंपनीचं सिम आतच बसवलेलं असेल तर कधी कधी त्यातून फक्त डेटा जातो, कॉल नाही. दुकानदाराला तेवढं विचारूनच पैसे दे, आणि तिथंच त्यांच्या नंबरवर एकदा कॉल लावून पाहा.