मदत हवी आहे: काळ्या गाडीला कार्नोबा वॅक्स की सीलंट?

मंडळी, काळ्या मेटॅलिक रंगाच्या सेडानला पावसाळ्याआधी वॅक्स करायचंय. कार्नोबा (ताडाच्या पानांपासूनचं नैसर्गिक मेण) की सीलंट (रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर), ते ठरत नाहीये. गाडी कोल्हापुरात, बाराही महिने उघड्यावर. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आणि गळीत हंगामातली काजळी हे दोन मुख्य त्रास.

तयारी ठरलीय. आधी न्यूट्रल शाम्पूनं धुणं. भांड्यांचा साबण नाही, तो जुनं वॅक्स काढून टाकतो. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवर बोटं फिरवायची. खरखर लागली तर भरपूर ल्युब्रिकंट (घसरण देणारा द्रव) मारून क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. कोरडा फिरवला तर नवे ओरखडे पडतात. उन्हात दिसणाऱ्या गोल रेघांसाठी बारीक पॉलिश, कारण वॅक्स त्या फार तर झाकतं, घालवत नाही.

अडलंय ते पुढं. काळ्या रंगाला कार्नोबाची खोल, ओलसर चकाकी छान दिसते, पण ऊन-पावसात ते लवकर उतरतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं, पण त्याची चमक मला जरा काचेसारखी कोरडी वाटते. सीलंटवर कार्नोबाचा थर द्यायचा तर मध्ये किती तास ठेवता? आपल्याकडच्या दमट हवेत किती महिने टिकतं? पेस्ट घ्यावी की लिक्विड?

क्लेनंतरही न निघणाऱ्या पाण्याच्या ठिपक्यांना आधी वॉटर स्पॉट रिमूव्हर लावावा की थेट पॉलिश? क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उगाच घासायचा नाहीये. उघड्यावरच्या काळ्या गाडीला लावलेलं असेल त्यांनी प्रॉडक्टचं नावही सांगा.