ट्रॉमा कॉलला पोर्टेबल एक्सरे मशीन घेऊन गेल्यावर टीममध्ये घुसायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एक्सरे टेक्निशियन, कॅज्युअल्टीची ड्युटी लागून तिसराच महिना चालू आहे.

ॲक्सिडेंटची केस आली की फोन येतो, पोर्टेबल आणा लगेच. पळत जातो तर ट्रॉलीभोवती सात-आठ जण, कुणी श्वासाची नळी टाकतंय, सिस्टर लाईन लावतायत, कुणी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून उभं आणि माझं मशीन दारातच. छाती आणि पेल्व्हिसचा (कमरेच्या हाडांचा) एक्सरे घ्यायचाय हे सगळ्यांना माहीत, पण नेमकं कधी ते कुणी सांगत नाही. पुढे गेलो तर "थांब रे जरा", थांबलो तर "फिल्म कुठाय अजून?" परवा पाठीखाली एक्सरेची प्लेट घालायला लॉग रोल करा (पेशंटला सरळ ठेवून सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा) म्हटलं तर डॉक्टर म्हणाले पेल्व्हिस फ्रॅक्चर वाटतंय, उगाच हलवायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं, पण मग प्लेट घालू कुठून? कशीबशी सरकवली, फिल्म वाकडी आली, फुप्फुसाचा कोपरा कापला गेला आणि रिपीट म्हटल्यावर सगळ्यांनी असं बघितलं की विचारू नका.

दुसरं म्हणजे, "एक्सरे!" ओरडलो की निम्मेच बाजूला होतात. अंबू (श्वास देणारी हाताची पिशवी) दाबणारा तर हलूच शकत नाही, आणि शिशाचे ॲप्रन असतात पलीकडच्या भिंतीला.

पण खरं टोचतंय ते वेगळंच. त्याच पेशंटच्या रिपीट फिल्ममध्ये डावा कॉस्टोफ्रेनिक कोन (बरगड्या आणि पडदा भेटतात तो खालचा कोपरा) फार खोल, काळा दिसला. झोपलेल्या पेशंटमध्ये फुप्फुसाबाहेर गळलेली हवा तिथे जमते हे शिकलोय, पण रिपोर्ट देणं आपलं काम नाही म्हणून गप्प बसलो. थोड्या वेळाने रजिस्ट्रारनी स्वतःच बघितलं आणि हवा काढायला छातीत ट्यूब टाकली. बोलायला हवं होतं का? कुणाला, कसं?

---

प्रतिसाद १:
अरे, पेशंट यायच्या आधी पोच, फोन केस निघाली की येऊ दे, ती दारात आल्यावर नको. ट्रॉलीला खाली प्लेटचा ट्रे आहे का बघ, असेल तर पेशंटला हातही लावायला नको. नसेल तर पेशंट ट्रॉलीवर घ्यायच्या आधीच प्लेट अंथरून ठेव. बाइंडर (पेल्व्हिसला आवळणारा पट्टा) लावलेला असेल तर तो एक्सरेसाठी सोडायचा नाही, त्याच्यासकटच फिल्म घे. ॲप्रन ज्यांना जवळ थांबावं लागतं त्यांना सुरुवातीलाच घालायला लाव, बाकीच्यांना दोन मीटर मागे घे, अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो. आणि ओरडताना एका माणसाकडे बघून बोल, टीम लीडरकडे. "सर, छाती घेतोय, वीस सेकंद द्या."

प्रतिसाद २:
कॅज्युअल्टीतली डॉक्टर बोलतेय. खरं सांगू, त्या गडबडीत तुम्ही दारात उभे आहात हे आम्हाला दिसतच नाही, आमचीच चूक. फिल्मबद्दल मात्र बोलाच हो. निदान नका सांगू, "मॅडम, डावी बाजू आत्ता बघा" एवढं पुरे. टेन्शन न्यूमोथोरॅक्सला (छातीत साठलेल्या हवेचा जीवघेणा दाब) आम्ही फिल्मसाठी थांबत नाही, पण साधा न्यूमोथोरॅक्स नजरेतून निसटू शकतो.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. ट्रॉलीचा ट्रे आत्ता जाऊन बघितला, आहे! आत ऑक्सिजनचा रिकामा सिलेंडर ठेवलाय कुणीतरी. सिस्टरांना विचारतो, काढून ठेवलेला चालेल का.