रकान्यात ‘लिंग’ लिहावं की ‘लिंगभाव’?

बोरू: शहरातल्या किती रस्त्यांना स्त्रियांची नावं आहेत, हे मोजायचा तक्ता मराठीत करायचाय. रकाने : ‘रस्ता’, ‘कोणाच्या नावे’, ‘लिंग’. भरणारे ‘लिंग’ पाहून रस्ता पुल्लिंगी, गल्ली स्त्रीलिंगी असं व्याकरण भरतायत. ‘लिंगभाव’ करू का?

कानामात्रा: नको. लिंगभाव ही समाजानं घडवलेली गोष्ट, ती प्रबंधात शोभते. सरळ ‘व्यक्ती’ लिहा आणि पर्याय द्या : स्त्री, पुरुष, इतर, देवदेवता, व्यक्ती नाही. देवी स्त्रियांत धरल्या की आकडा उगाच फुगतो. आणि ‘कोणाच्या नावे’ वाचून सातबारा आठवतो, ‘नावावरून’ म्हणा.

शुद्धमती: ‘नामदाता/नामदात्री’ हा नेटका शब्द असताना?

कानामात्रा: नाव देते महापालिका. मग नामदात्री तीच की!

दगडफूल: शब्द कुठलाही घ्या, नुसत्या पाटीवरून भरू नका. मुंबईतला लेडी जमशेटजी रोड घ्या. १८४५ साली खुला झालेला माहीमचा कॉजवे ज्यांच्या १,५७,००० रुपयांतून झाला त्या अवाबाईंचा हा रस्ता, पण पाटीवर नवऱ्याचं नाव. ‘लेडी’मुळे निदान बाई आहे एवढं कळतं. बोलताना ‘एल. जे. रोड’ झाला की तेही गेलं.

शुद्धमती: ‘लेडी’ हे व्यक्तिनाम नव्हे, पदवी आहे. वेगळा पर्याय हवा.

दगडफूल: मग क्वीन्स रोड कुठे टाकाल? तो पुढे महर्षी कर्वे मार्ग झाला. राणी जाऊन स्त्रीशिक्षणासाठी झटलेला पुरुष आला. हिशेबात मात्र एक बाई कमीच. म्हणून जुनं नाव खोडू नका. जुन्या-नव्या नावांच्या दोन ओळी ठेवा आणि बदलाचं वर्ष लिहा, नाहीतर नामांतरात गळालेली नावं दिसतच नाहीत.

चौकस: मोजणीतली खरी गफलत वेगळीच. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर एकच रस्ता पूल, एकदिशा मार्ग, वेगमर्यादा अशा कारणांनी तुकड्यांत असतो. तुकडे मोजले तर एकाच माणसाचे वीस रस्ते होतात. आधी नाव आणि वॉर्ड धरून तुकडे एकत्र करा. लांबीची बेरीज वेगळी ठेवा. हमरस्ता आणि बोळ दोन्ही ‘एक’ धरले तर चित्र फसवं.

शुद्धमती: ‘एकदिशा’ नव्हे, ‘एकेरी’.

चौकस: बरं, एकेरी. पण पॅरिसच्या प्येर-ए-मारी-क्युरी, म्हणजे शास्त्रज्ञ नवरा-बायको प्येर आणि मारी क्युरी यांच्या रस्त्याचं काय? आधी तो नुसत्या प्येरच्या नावाचा होता, मारी मागाहून जोडली.

कानामात्रा: ‘दोघे’ असा आणखी पर्याय.

दगडफूल: अर्धा-अर्धा धरा.

शुद्धमती: अर्धी नामदात्री?