मुलांसोबत प्रागचे जुने शहर पाहायचे आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये शाळेला सुट्टी लागली की आम्ही प्रागला जाणार आहोत. आम्ही ड्रेस्डेनला राहतो आणि तेथून रेल्वेने अडीच तासांच्या आत प्रागला पोहोचता येते, त्यामुळे प्रवासाची काळजी नाही. काळजी आहे ती जुन्या शहरातल्या पायपिटीची. सोबत नऊ वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि मिरजेहून आलेल्या सासूबाई आहेत. सासूबाईंचे गुडघे सपाट रस्त्यावर तक्रार करत नाहीत, परंतु चढ आणि जिने त्यांना झेपत नाहीत.

प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या आम्ही पुष्कळ वाचल्या. त्या बहुधा धडधाकट प्रौढ माणसांसाठी केलेल्या असतात आणि त्यांत चौक, पूल, किल्ला असे सगळे एका दिवसात उरकलेले असते. माझा विचार निराळा आहे. जुन्या शहराचा चौक, त्याला लागून असलेली योझेफॉव ही ज्यू वस्ती, चार्ल्स पूल आणि पुलाखालचे कांपा बेट एवढाच परिसर सावकाश पाहावा आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना शोधायला काहीतरी द्यावे, असे मला वाटते. नवऱ्याच्या मते प्रागला जाऊन किल्ला न पाहणे म्हणजे जाणे फुकट. या वादाचा निकाल अनुभवी लोकांनीच लावावा.

पहिला प्रश्न चौकातल्या नगरभवनावरच्या खगोलीय घड्याळाचा. १४१० साली बसवलेले हे घड्याळ सूर्य, चंद्र आणि राशींची स्थिती दाखवते, इतकेच नव्हे तर सूर्यास्तापासून मोजायचे जुने बोहेमियन तासही दाखवते. मुलीला हे समजावून सांगण्यात मला रस आहे; मुलाला मात्र दर तासाला दोरी ओढून घंटा वाजवणारा सांगाडा आणि शेवटी आरवणारा कोंबडा एवढेच हवे आहे. हा खेळ एखाद्या मिनिटात संपतो आणि त्यासाठी समोर गर्दी दाटलेली असते असे ऐकले आहे. लहान मुलाला खांद्यावर न घेता दिसेल अशी जागा आहे का? सकाळी नऊचा पहिला खेळ गाठला तर गर्दी खरोखर कमी असते का? नगरभवनाच्या मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे म्हणतात. ती अगदी वरच्या सज्जापर्यंत जाते की शेवटी पायऱ्या उरतातच?

चार्ल्स पुलाची तयारी मुलीने स्वतःच केली आहे. १३५७ या वर्षी, ९ तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी या पुलाची पायाभरणी झाली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. हे आकडे ओळीने लिहिले की १३५७९७५३१ अशी संख्या तयार होते आणि ती उलटीकडून वाचली तरी तीच राहते. चुना घट्ट बसावा म्हणून राजाने गावोगावची अंडी मागवली आणि वेल्वारी गावाने ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, ही दंतकथाही तिला तोंडपाठ आहे. (सासूबाई अंडेही खात नाहीत. हे ऐकून त्या पुलावर पाय ठेवतील ना, अशी शंका मला आहे.) पुलाची लांबी ५१६ मीटर आहे आणि दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे आहेत. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे अंतर गर्दीत चालवणे कठीण वाटते, म्हणून सकाळी आठच्या आत पूल ओलांडावा असे ठरवत आहोत. ऑक्टोबरमध्ये त्या वेळी नदीवर वारा कितपत बोचरा असतो?

याच्याशी जोडलेला प्रश्न बाबागाडीचा. रस्त्यांची फरसबंदी छोट्या दगडी ठोकळ्यांची आहे आणि आमच्या बाबागाडीची चाके लहान आहेत. ती हॉटेलवर ठेवून मुलाला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्यावे, तर तो आता चांगलाच जड झाला आहे. मोठ्या चाकांची बाबागाडी वापरलेल्यांनी कृपया सांगावे.

किल्ल्याबद्दल मी एक तडजोड सुचवली आहे. २२ क्रमांकाच्या ट्रामने वर जायचे, किल्ल्याची आवारे आणि कॅथेड्रल पाहायचे आणि नेरुदोवा रस्त्याने खाली उतरायचे. खरे तर मला किल्ल्यापेक्षा या रस्त्याचेच अधिक आकर्षण आहे. १७७० मध्ये घरांना क्रमांक मिळण्यापूर्वी घरे दारावरच्या चिन्हांवरून ओळखली जात आणि नेरुदोवावर तीन व्हायोलिने, दोन सूर्य अशी चिन्हे अजूनही आहेत. मुलांना वही देऊन दिसेल ते चिन्ह काढायला सांगायचे, असा बेत आहे. उतार सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसण्याइतका आहे का? नसल्यास त्यांच्यासाठी त्या भागात निवांत बसण्याची जागा सुचवावी.

आता ज्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त अडले आहे तो. योझेफॉवमधल्या ज्यू नगरभवनावर हिब्रू अक्षरांचे घड्याळ आहे आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचली जात असल्याने त्याचे काटेही उलटे फिरतात. मुले त्यावर खूश होतील यात शंका नाही. परंतु तिथून जवळच पिंकास सिनेगॉग हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे, ज्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातील, नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीतील मुलांनी १९४२ ते १९४४ दरम्यान काढलेली चित्रे लावली आहेत. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार शिक्षिकेने त्या मुलांना चित्रे काढायला शिकवले आणि ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेले जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली. माझी मुलगी दिवसभर चित्रे काढत असते आणि चित्राखाली लिहिलेले नाव व वय ती वाचणारच. जर्मनीत वाढत असल्यामुळे हा इतिहास तिच्यापुढे पुढेमागे शाळेत येणार आहे. तो आधी आमच्याकडून तिच्या कानावर यावा असे मला वाटते, तर सासूबाईंना हे वय लहान वाटते. या वयाच्या मुलांना तिथे नेलेल्या पालकांनी आधी काय सांगितले, मुलांनी काय विचारले आणि नंतर रात्री काही त्रास झाला का, हे सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल. धाकट्याला बाहेर घेऊन थांबायला नवरा तयार आहे. हे सिनेगॉग ज्या ज्यू वस्तुसंग्रहालयाचा भाग आहे, ते शनिवारी बंद असते हे आम्हाला ठाऊक आहे.

खाण्याचे थोडक्यात विचारते. तळलेले चीज आणि बटाट्याची ब्राम्बोराक नावाची धिरडी हे शाकाहारी म्हणून सुचवले जातात, पण चीजच्या आवरणात आणि धिरड्यांच्या पिठात अंडे असते. बिनअंड्याचे, गरम आणि चौकाच्या आसपास बसून खाता येईल असे काय मिळते? मेथीचे ठेपले आणि चटणी बरोबर असेलच, परंतु दोन्ही वेळा त्यावर काढणे सासूबाईंवर अन्याय होईल.

शेवटी, कांपा बेटावरच्या खेळाच्या मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का आणि तिथे कार्ड चालते की कोरुनाची नाणी जवळ ठेवावी लागतात?