भाषा दिन आणि विज्ञान दिन एकाच दिवशी उरकायचे का?

निळी_शाई: कॉलेजची नोटीस ग्रुपवर फिरतेय, मराठी भाषा गौरव दिन आणि राष्ट्रीय विज्ञान दिन "संयुक्तपणे" २८ फेब्रुवारीला, ११ ते १, सेमिनार हॉल. खाली एका माजी विद्यार्थ्याने लिहिलंय की बरं झालं, एक दिवस वाचला, असल्या कार्यक्रमांना तसंही कोण येतं. हे वाचून राहवलं नाही. अहो २७ ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २८ ला सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली रामन परिणामाचा शोध लावला, दोन्हीला आपापला दिवस नको का? दोन तासांतला एक तर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकातच जातो. आम्ही एसवायला होतो तेव्हा विज्ञान दिनाला लॅब उघडी असायची, जवळच्या जिल्हा परिषद शाळेची पोरं यायची. डार्करूममध्ये सोडियमचा दिवा, प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारा ग्रेटिंग लावलेला स्पेक्ट्रोमीटर. सातवीतली एक मुलगी डोळा लावून बसली आणि ओरडलीच, "ताई, पिवळ्या रेषा दोन आहेत!" मागे रांग लागली तरी उठेना. हे हॉलमध्ये खुर्चीवर बसून होणारे का?

बाराखडी: तुमची लॅब छान, पण मराठी विभागाचं दुखणं वेगळं आहे. मागच्या वर्षी २७ ला मी स्वतः हॉलमध्ये होतो, कविता वाचणारी पोरं आणि ऐकणारी पोरं जवळपास सारखीच. अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ ला मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, कार्यक्रमाला मात्र कोणी नाही. एकत्र ठेवलं तर निदान सायन्सची पोरं चार कविता ऐकतील. आणि बॅनरवर "राजभाषा दिन" छापू नका हो, तो १ मेला असतो, दरवर्षी सांगून घसा बसला.

निळी_शाई: जबरदस्तीने बसवलेली पोरं मोबाईल बघतात, कविता ऐकत नाहीत.

तासिका_तत्त्व: दिवस एक का दोन हे नंतर बघा, आधी हे करतं कोण ते विचारा. मी सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, फिजिक्स शिकवतोय. तुमच्या त्या लॅबमध्ये सकाळी सातला दिवा लावून स्पेक्ट्रोमीटर लेव्हल करणारा माझ्यासारखाच कोणीतरी असतो. नंतर नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जिओटॅग फोटो काढा, अहवाल लिहा, तेही आम्हीच. आणि मेन गोष्ट, कार्यक्रमामुळे लेक्चर रद्द झालं की त्याचे पैसे मिळत नाहीत. मागच्या वर्षी दोन दिवसांत माझी चार लेक्चरं गेली. एक दिवस केलात तर माझी दोन वाचतात, सरळ हिशोब.

ओपन_विंडो: इतकं परवडत नसेल तर सोडा ना नोकरी, कोणी धरून ठेवलंय? दरवेळी कुठल्याही विषयात सीएचबी आणायचं.

तासिका_तत्त्व: सोडू? मग एफवायच्या तीन बॅचेसची प्रॅक्टिकल तुम्ही घ्यायला या. उन्हाळी सुट्टीत मला एक रुपया येत नाही, मे महिन्यात बायकोच्या पगारावर किराणा भरतो. तोंड सांभाळून बोला.

बाराखडी: ओपन_विंडो, हे बोलणं बरं नाही. माझी बहीण आठ वर्षं अशीच मराठी शिकवतेय, तिच्या कॉलेजात कायम जागा निघतच नाही. मुलाच्या शाळेची फी भरताना तिचा चेहरा मी बघितलाय.

ओपन_विंडो: ठीक, नोकरी सोडा म्हणालो ते मागे घेतो. बाकी मतावर ठाम आहे, विषय कार्यक्रमाचा होता.

निळी_शाई: लेक्चर बुडालं की पैसे बुडतात हे मला खरंच माहीत नव्हतं, सर. तेवढं तुमचं मान्य. पण म्हणून दिवस कापायचा हे मला अजूनही पटत नाही, पैसे द्यायला हवेत. कार्यक्रमाचे तास लेक्चर म्हणून धरा, असा अर्ज प्राचार्यांना देऊया का? माजी विद्यार्थ्यांच्या सह्या मी गोळा करते.

तासिका_तत्त्व: अर्ज या आठवड्यात द्या, २७ नंतर उपयोग नाही. तास धरले तर दोन्ही दिवस येतो, डार्करूमची चावी माझ्याकडेच असते.

बाराखडी: माझी सही घ्या. २७ ला कविता ऐकायला मात्र तुम्ही दोघांनीही यायचं.