‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा व्हिडिओ गेम : मार्थच्या फॉरवर्ड-स्मॅशपासून बचाव

प्रश्न (पंचवटीकर): कॉलेज रोडवर आमचा मेलीचा डाव रंगतो, पण मार्थ या तलवारबाज पात्राचा फॉरवर्ड-स्मॅश (पुढच्या दिशेचा जोरदार फटका) बसला की माझा फॉक्स (माझे पात्र) स्टेजबाहेर फेकला जातो. त्यावरचा ‘अम्साह टेक’ (फटक्यानंतर उडून न जाता जमिनीला टेकताच सावरण्याची युक्ती) नेमका कसा साधावा?

उत्तर (सातपूरकर): फटका बसताच दोन्ही पात्रे क्षणभर थिजतात. तेवढ्यात सी-स्टिक (कंट्रोलरवरची दुसरी, छोटी स्टिक) खाली धरून मुख्य स्टिक खाली आणि मार्थपासून दूर वळवली, तर फॉक्स जमिनीकडे ओढला जातो आणि जमिनीला टेकण्यापूर्वीच्या 20 फ्रेममध्ये (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) एल किंवा आर बटण दाबल्यास टेक होतो. बटण उगाच बडवू नका. वेळ चुकली, तर 40 फ्रेमपर्यंत दुसरा प्रयत्न धरला जात नाही.

उत्तर (इंदिरानगर): उंच हवेत हे जमत नाही. तलवारीच्या टोकाचा फटका चढ्या टक्केवारीला (पात्राला आधीच बरीच इजा झालेली असताना) बसला, तर जमिनीवरही आशा धरू नये.

पंचवटीकर: 20 फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा! आभारी आहे.