कॅलिओपी हमिंगबर्डची मादी कशी ओळखायची?

प्रश्न: कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात जुलै-ऑगस्टमध्ये फीडरवर (साखरपाण्याच्या भांड्यावर) येणारे हमिंगबर्डचे नर ओळखता येतात. माद्या आणि पिल्लं मात्र सगळी सारखीच: पाठ हिरवी, कुशीवर फिकट नारिंगी झाक. त्यातली कॅलिओपी कोणती? ती सर्वांत लहान हे ठाऊक आहे, पण पक्षी एकटाच असेल तर आकाराचा अंदाज कसा घेणार?

उत्तर १: आकार बाजूला ठेवा, आधी बसलेला पक्षी बघा. पंख पूर्ण मिटले की कॅलिओपीच्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकाला भिडतात किंवा जराशी पुढे जातात. रूफस आणि ब्रॉड-टेल्ड या इतर हमिंगबर्डच्या माद्यांची शेपटी पंखांच्या पुढे आलेली स्पष्ट दिसते. फोटो अगदी बाजूने घ्या. समोरून किंवा तिरका घेतला तर शेपटी आखूड भासते आणि ओळख हमखास चुकते. चोचही आखूड असते, आणि चोचीच्या मुळाशी, तोंडाच्या कडेवर एक बारीक पांढरी रेघ असते. जवळून फोटो मिळाला तर ही रेघ आवर्जून शोधा.

उत्तर २: वरच्या उत्तरात शेपटीच्या रंगाची भर घालतो. रूफस मादीच्या बाहेरच्या पिसांचा बुडखा ठळक तांबूस असतो. कॅलिओपीत तो रंग जवळजवळ नसतोच. पण शेपटी पसरल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून पक्षी हवेत थांबलेला असताना सलग फोटो काढा. त्या वेळी कॅलिओपी शेपटी वर उचलून बरीचशी स्थिर धरते. गळ्याच्या रंगावर फार विसंबू नका. ती चमक प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असते. कोन बदलला की तीच पिसं काळी दिसतात. गळ्यावर एक-दोन किरमिजी रेघा दिसल्या तर मात्र तो कॅलिओपीचा तरुण नर.

उत्तर ३: तुमचा हंगाम बरोबर आहे. वसंतात हे पक्षी मेक्सिकोतून प्रशांत किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेला जातात आणि परतताना रॉकीज धरतात. प्रौढ नर आधी निघतात, माद्या-पिल्लं मागून. जेमतेम अडीच ग्रॅमचा हा पक्षी एवढा पल्ला गाठतो!

फीडरवर रूफस त्याला टिकू देत नाही. दुसरा फीडर पहिल्यावरून दिसणार नाही अशा आडोशाला लावा. एक भाग साधी साखर, चार भाग पाणी. रंग घालू नका, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी फीडर धुऊन पाणी बदला. जमिनीलगतच्या फुलांवरही लक्ष ठेवा, कॅलिओपी बऱ्याचदा तिथेच सापडते.